गोगलगायीला शुक्रवारपर्यंत मैत्रीण हवी

सोमवार, ९ सप्टेंबर

मोठ्या बाईंचं फर्मान निघालं! गोगलगायीला शुक्रवारपर्यंत एक तरी मैत्रीण मिळायला हवी. नाहीतर मीटिंगमध्ये तिच्या आईबाबांना ‘दुसरी शाळा बघा’ म्हणून सांगणार. चार वर्षांच्या पोरीला मुदत! मला चाळिशीत जेमतेम दीड मैत्रीण आहे, मला नाही कुणी काढत.

गोगलगाय हे नाव मी ठेवलेलं, या वहीपुरतं. जूनपासून खेळण्यांच्या टेबलाखाली बसून ठोकळ्यांना झोपवते. रडत नाही, चावत नाही. माझे बाकीचे एकोणीस नग चावतात, थुंकतात — आणि त्यांचा म्हणे सामाजिक विकास उत्तम!

मंगळवार, १०

लाच दिली. भवानी म्हणजे वर्गाची पुढारीण, वय साडेचार, आवाज पोलिसाचा. तिला म्हटलं, टेबलाखालच्या मुलीशी खेळ, आज घंटा तू वाजव. घंटा घेऊन पसार! तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. घंटा आधी दिली, तिथेच फसले.

बुधवार, ११

डॉक्टर-डॉक्टर खेळताना भवानी आणि तिची जिवलग एकमेकींच्या झिंज्या धरून! दोघींनाही डॉक्टरच व्हायचंय. कट्टी झाली. मी मध्ये पडणार, तेवढ्यात त्यांनीच मांडवली केली — दोघी डॉक्टर, पेशंट माझी पर्स. पाच मिनिटांत गळ्यात गळे. माझं नि धाकट्या जावेचं एका कुकरवरून सहा वर्षं बोलणं बंद आहे. कोण कुणाला शिकवतंय, देव जाणे.

गोगलगाय टेबलाखालून बघत होती. कुणीतरी बोलवेल म्हणून पुढेसुद्धा सरकली होती, मी पाहिलं ना! कुणी बोलावलं नाही. हळूच मागे गेली. मला इतकं भरून आलं की दोघी डॉक्टरांनी माझ्या पर्सचं पोट फाडेपर्यंत लक्षच गेलं नाही.

गुरुवार, १२

हरले. रिपोर्ट लिहून दिला — ‘मूल इतरांत मिसळत नाही.’

घ्यायला आलेली आई हसत म्हणाली, ‘घरी तर हिची टकळी थांबत नाही हो! वर्गातल्या सगळ्यांची नावं उशांना दिलीयेत. त्यांच्याशी खेळते.’ मला तिच्याकडे बघवेना. लाज वाटली, आणि का ते कळेना.

शुक्रवार, १३

मोठ्या बाईंच्या हातून रिपोर्ट ओढून घेतला आणि फाडला. मीटिंग रद्द. मेमो मिळेल, मिळू दे.

झालं असं — सकाळी न राहवून भवानीला खडसावलं, ‘तिला का घेत नाही गं खेळायला?’

कमरेवर हात ठेवून म्हणते, ‘तुम्हीच सांगितलंय ना बाई! पहिल्या दिवशी ती रडत होती तेव्हा. तिला कुणी त्रास द्यायचा नाही, एकटीला बसू द्या.’

एकोणीस मुंडकी हलली. तीन महिने! चपला जागेवर ठेवा म्हणून घसा फोडते, ते नाही ऐकत मेली. हे ऐकलं!

तेवढ्यात टेबलाखालून बारीक आवाज — ‘बाई, आता मी उठू?’