गादी काढलेला गुडघा

३ ऑगस्ट २०२५, रविवार
पल्लवी बॅडमिंटन खेळताना पडली. एमआरआयमध्ये गुडघ्यातली गादी फाटलेली निघाली. लेक बावीस वर्षांची, घाबरलीय. मी शांत. माझीही २०१४ मध्ये फाटली होती. दुर्बिणीतून ऑपरेशन, दोन भोकं, फाटका तुकडा बाहेर, संध्याकाळी घरी. अकरा वर्षं गुडघा उत्तम. जिने आणि थंडी सोडून.

९ ऑगस्ट, शनिवार
डॉक्टर अमृता घोष म्हणाल्या, गुडघा अडकत नाहीये, तर आधी तीन महिने व्यायाम करू. गादी काढलेल्यांचा सांधा पुढे जास्त झिजतो म्हणे. बाईंचं वय फार तर पस्तीस. अनुभव काय?

११ ऑगस्ट, सोमवार
एस्प्लनेडच्या ऑफिसमधूनच फोन करून माझ्या जुन्या सर्जनकडे पल्लवीच्या ऑपरेशनची तारीख घेतली. २२ ऑगस्ट. घरी सांगितलं नाही. तिला टेन्शन नको.

१४ ऑगस्ट, गुरुवार
हॉस्पिटलचा कन्फर्मेशन कॉल घरी बायकोने, रजनीने उचलला. म्हणाली, "गुडघा तिचा आहे, जयंत. तुझा नाही."  पल्लवीने खोलीचं दार लावून घेतलं. लंगडत गेली, ते बघवलं नाही. म्हणूनच तर ऑपरेशन!

१७ ऑगस्ट, रविवार, सकाळी १०
तीन दिवस अबोला. आज स्वतःहून बाहेर आली. म्हणाली, "बाबा, तुझा गुडघा चांगला आहे ना? मग एकदा उकिडवा बसून दाखव. मी लगेच ऑपरेशन करून घेते."
साधी गोष्ट. बसलो.

सकाळी १०.२०
बसणं जमलं. उठणं नाही. रजनीने एका बाजूने धरलं, दुसऱ्या बाजूने पल्लवीने, तीही एका पायावर. तिघंही पडता पडता वाचलो. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
फरशी गुळगुळीत आहे.

२० ऑगस्ट, बुधवार
रजनीने माझा एक्स-रे काढायला लावला. सांध्यातली फट जवळपास संपलीय. डॉक्टर घोष म्हणाल्या, हे ऑपरेशनमुळे की वयामुळे, ते एका माणसावरून सांगता येत नाही. पुढेमागे सांधा बदलावा लागेल. तोवर व्यायाम. मी विचारलं, २०१४ मध्ये ऑपरेशनऐवजी व्यायाम केला असता तर? म्हणाल्या, "आता कसं सांगू?"
घाबरून विचारलं नव्हतं. माहिती म्हणून.
२२ ची तारीख रद्द केली. फोन मध्येच ठेवून पुन्हा लावला. नेटवर्क.

२३ नोव्हेंबर, रविवार
पल्लवी तीन महिने नेमाने व्यायाम करतेय. आज अर्धा तास खेळून आली. गुडघा सुजला नाही. मी दोनदा पाहिला.
मग तिने मला खुर्चीत बसवून पाय सरळ उचलायला लावला. दहा वेळा. चौथ्याला मांडी थरथरायला लागली. तिने पाहिलं. म्हणाली, "चार पण चालतात, बाबा. उद्या पाच."
माझ्यावर ओरडायला हवं होतं तिने.