आजारी कोण, गाडी की चालवणारा?

समता कॉलनी, रायपूर

ती. शरच्चंद्रराव यांना गंगाधरचा वाकून नमस्कार. (गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पायाशी कोणी गर्दी केलेली तुम्हाला चालत नाही असं कळलं. तेव्हा लांबूनच वाकलो आहे असं समजावं.) गुडघा आता दुमडतो का, जिना चढता का, आणि डॉक्टरांनी बंद केलेली तर्री तुम्ही खरोखर बंद केली का, ते कळवावं. इकडे आम्ही ठीक आहोत. तुमच्या बहिणीची साखर तिच्या म्हणण्याप्रमाणे आटोक्यात आहे, लॅबच्या म्हणण्याप्रमाणे नाही. दोघांचंही ऐकून घेतो.

हे सगळं फोनवर विचारता आलं असतं. पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि मग तुमच्याऐवजी सगळं घर उत्तरं देतं. शिवाय इकडून मी बोलायला लागलो की इंदू स्वयंपाकघरातला मिक्सर बंद करते. म्हणून पत्र.

मुद्दा तुमच्या पंचाहत्तरीचा. आम्ही दोघं पहाटे रायपूरहून निघालो आणि नागपूरला तुमच्या दारी पोचलो तेव्हा वाढपी पातेली घासत होते. तुम्ही माईक हातात घेऊन सर्वांसमोर विचारलंत, "काय गंगाधरराव, रायपूरहून आले का रंगूनहून?" लोक हसले. मीही हसलो, कारण जावयानं अशा वेळी हसायचं असतं. (जावई होऊन इतकी वर्षं झाली, तरी नियम बदललेला नाही.) पण त्या दिवशी रस्त्यात काय झालं ते कोणी विचारलं नाही, ते आता सांगतो. बाघनदीच्या पुढच्या चढावर आमची गाडी अशी काही दमली, की धानाची पोती लादलेला एक ट्रॅक्टर मागून आला, आम्हाला ओलांडून गेला, आणि वर जाताना त्याच्या ड्रायव्हरनं आम्हाला हात केला. तो हात तिरस्काराचा नव्हता. आजाऱ्याला भेटून निघताना करतात तसा होता. मी अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरला होता. बाजूला बसलेली इंदू म्हणाली, "तुम्ही गाडी चालवून राहिले का ढकलून राहिले?"

तेव्हापासून घरात दोन पक्ष पडले. माझा पक्ष (सदस्य एक) म्हणे की गाडीत दम राहिलेला नाही. दुसरा पक्ष, म्हणजे इंदू आणि आमचा ओजस, म्हणे की दम माझ्यात राहिलेला नाही. मोतीबिंदूनंतर पापा घाबरून चालवतात, अशी ओजसची थिअरी. हा पोट्टा नवा रायपूरला ऑफिसात बसतो, मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीतच देतो. त्याचं म्हणणं, आता पापांनी किल्ली ठेवून द्यावी. मी दयाराम मिस्त्रीकडे गाडी नेली. त्यानं एअर फिल्टर बदलला, मग डिझेलचा फिल्टर बदलला, मग बोनेटवर हात ठेवून म्हणाला, "उमर हो गई है, बाबूजी." कोणाची, ते मी विचारलं नाही.

शेवटी ओजसनंच तोड काढली. त्याचा मित्र गौतम, याचं गुढियारीच्या पुढे गॅरेज आहे. त्याच्याकडे डायनो नावाचं यंत्र आहे. रात्री व्हीआयपी रोडवर गाड्या उडवणारी मुलं तिथे येऊन आपल्या गाडीत किती ताकद आहे ते मोजून घेतात. ओजस म्हणाला, "पापा, या तो गाड़ी बीमार है या चलाने वाला. मशीन बता देगी." इंजिन कमजोर निघालं तर दुरुस्त करायचं आणि पुन्हा कोणी माझ्या चालवण्यावर बोलायचं नाही. इंजिन धडधाकट निघालं तर किल्ली त्याच्या हाती. मी हो म्हणालो. भाऊसाहेब, तुम्हाला म्हणून सांगतो, मला ही किल्ली फार हवी आहे असं नाही. पण रिटायर झाल्यापासून माझ्या ताब्यात घरातल्या दोनच गोष्टी उरल्या आहेत, गाडीची किल्ली आणि गच्चीवरच्या टाकीचा कॉक. त्यात टाकीला आता आपोआप बंद होणारं बटण बसलं आहे.

शनिवारी सकाळी गेलो. इंदू फिर्यादी पक्षाची साक्षीदार म्हणून डबा घेऊन आली. (फिर्यादीचा डबा आरोपीनंही खाल्ला. साबुदाण्याची खिचडी होती.) यंत्राचं वर्णन करतो. जमिनीत दोन जाड लोखंडी रूळ बसवलेले असतात, त्यावर गाडीची पुढची चाकं ठेवतात. गाडीला चारी बाजूंनी पट्ट्यांनी बांधतात, आपल्याकडे बैलाला पत्री ठोकताना बांधतात तशी. पुढे एक भला मोठा पंखा लावतात, मागे धुराला नळी. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये घालून पेडल तळाला दाबायचं. चाकं रूळ फिरवतात, आणि किती जोरानं फिरवली त्यावरून ताकद मोजून कॉम्प्युटर एक रेघ काढतो. गाडी जागच्या जागी शंभराच्या पुढे धावते, मोठा आवाज होतो, सगळे कानावर हात ठेवतात, आणि ती कुठेही पोचत नाही. मी पाटबंधारे खात्यात आयुष्य काढल्यामुळे मला त्यात नवीन काही वाटलं नाही.

पहिली फेरी गौतमनं स्वतः घेतली. त्याआधी त्यानं गाडीतलं सगळं सामान बाहेर काढायला लावलं, कारण एवढ्या थरथराटात काही घरंगळून पेडलखाली गेलं तर पंचाईत. सामानात दोन छत्र्या, पायाखालच्या चटया, राजिमहून आणलेला एक मातीचा घोडा आणि तुमच्या पंचाहत्तरीचा नारळ निघाला. (क्षमा असावी.) गौतमनं पेडल दाबलं, गाडी ओरडली, आणि पडद्यावरची रेघ एखादा सरकारी जावई बढतीनं चढावा तशी सरळ वर गेली. ताकद कंपनीच्या आकड्यापेक्षा थोडी कमी भरली. मी आशेनं उठून उभा राहिलो, पण गौतम म्हणाला की कंपनी इंजिनाशी मोजते आणि तो चाकाशी मोजतो, मधल्यामध्ये गिअरबॉक्स थोडं खातो, तेवढं चालतंच. हेही मला नवीन नव्हतं. निकाल, इंजिन ठणठणीत.

इंदूनं डब्याचं झाकण लावलं, ते जरा आवाज करून लावलं इतकंच. ओजसनं हात पुढे केला. मी म्हणालो, "थांब. चालवणाऱ्यालेही मोजा." गौतम हसला, पण मला बसवलं. मी बांधलेल्या गाडीत बसलो, चौथा गिअर टाकला आणि पेडल दाबलं. गाडी माझ्या हयातीत माझ्या पायानं अशी कधी ओरडली नव्हती. पडद्यावर माझी रेघ गौतमच्या रेघेवर तंतोतंत बसली. म्हणजे इंजिनही निर्दोष आणि मीही निर्दोष. कोर्टात असं झालं की पोलिसांची चौकशी लागते. ओजस म्हणाला, "तो फिर दिक्कत क्या है?" आम्ही सामान जिथल्या तिथे भरलं आणि निघालो.

रेल्वेच्या पुलाचा चढ लागला आणि गाडी पुन्हा दमली. मागून हातठेल्यावाला ओरडला, "हव, चल ना कका!" ओजस माझ्या बाजूलाच बसला होता. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी घाबरून नाही, ताठ मानेनं पेडल तळाला दाबत होतो, आणि तरी गाडी ही अशी. पुलावरून उतरलो, वळलो, आणि तसेच गौतमच्या दारात परत.

तिसरी फेरी मीच भरल्या गाडीनं घेतली, आहे तश्शी, घोड्यासकट. या वेळी रेघ थोडी चढली आणि मग आडवी झाली. वर जाईना, खाली येईना. ती पाहिल्यावर मला आमच्या खात्याची आठवण झाली. मी आयुष्यभर धरणाच्या पाण्याचे आलेख काढत बसलो. धरण भरलेलं असून कालव्याची रेघ अशी आडवी झाली, तर पाणी कमी नसतं. दरवाजा पूर्ण उघडलेला नसतो. मी गौतमला म्हणालो, "देखो, कहीं गेट आधा ही तो नहीं खुल रहा?" त्यानं स्टीअरिंगखाली वायर जोडली, पडद्यावर पाहिलं, आणि म्हणाला, "अंकल, पूरा दबाइए." मी म्हणालो, पूराच दबाया है. तो म्हणाला, "कम्प्यूटर तो आधा बता रहा है."

मी खाली वाकलो आणि पेडलमागे हात घातला.

तिथे इंदूची चटई होती. मागच्या दिवाळीत तिनं ती माझ्यासाठी शिवली. माझी टाच दुखते, गाडीचा पत्रा कडक लागतो, म्हणून ओजसच्या जुन्या जीन्स, एक सोलापुरी चादर आणि सोफ्याचा फोम असे थर देऊन, कडेला निळी गोट लावून, महिनाभर दुपारची झोप मोडून शिवली. चटई कसली, गादीच ती. पेडल त्या गादीवर जाऊन टेकत होतं आणि मी समजत होतो की तळ लागला. बाघनदीला, तुमच्या पंचाहत्तरीला, ट्रॅक्टरला, सगळीकडे मी इंदूच्या गादीवर पाय देऊन उभा होतो.

मान वर केली तर इंदू खिडकीशी उभी. तिनं चटईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा झाला की एवढ्या वर्षांत मी तो एकदाच पाहिला होता, तुमचे वडील गेले तेव्हा. मागून ओजस विचारत होता, "क्या हुआ? क्या निकला?"

भाऊसाहेब, मी काही थोर माणूस नाही. मनात वाक्य तयार होतं, आणि फार चांगलं वाक्य होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. मी म्हणालो, "काही नाही रे. माझा जोडा. तळवा जाड आहे याचा, पायाले अंदाजच येत नाही. अर्धंच दाबून राहिलो होतो." मग जोडे काढून बाहेर ठेवले, देवळात ठेवतात तसे, आणि चटईवर धूळ फार झाली असं पुटपुटत ती गुंडाळून मागे टाकली. चौथी फेरी अनवाणी घेतली. रेघ पुन्हा वर. ओजस समाधानानं म्हणाला, "मतलब ड्राइवर." ठरल्याप्रमाणे मी किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

त्यानं ती घेतली आणि तिथल्या तिथे इंदूला दिली. मला वाटलं ती पर्समध्ये टाकेल. ती दार उघडून स्टीअरिंगवर बसली. लायसन्स तिच्याकडे लग्नाआधीपासूनचं आहे, हे मी विसरलो होतो. (तुम्ही विसरला नसाल. तुम्हीच तिला वर्ध्याला तुमच्या जीपवर शिकवलं.) रेल्वेचा पूल आम्ही कसा चढलो ते मला सांगता येणार नाही, कारण चढ लागला तेव्हा मी डोळे मिटले आणि उघडले तेव्हा उतार होता. सदर बाजारात ती दोन स्कूटी आणि एक गाय यांच्या मधून गेली. तिथे जागा नव्हती. गायीनं नंतर वळून पाहिलं.

असो. उशिराचा खुलासा झाला. प्रकृतीला जपावं. घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
गंगाधर

ता. क. : चटईचं कोणाला बोलू नये. इंदूला तर नाहीच. ती त्या विषयावर गप्प आहे आणि मीही.

ता. क. २ : खरं काम राहिलंच. पुढच्या महिन्यात तुमच्या ज्ञानदाच्या साखरपुड्याला आम्ही येतो आहोत आणि इंदू म्हणते, मीच चालवणार. आता ती भाजी आणायलाही हायवेनं जाते. मी डाव्या बाजूला बसून नसलेला ब्रेक दाबत असतो. तुमचा शब्द ओजस मोडत नाही. तुम्ही मामा या नात्यानं त्याला एक फोन करावा, की नागपूरपर्यंत लांबचा रस्ता आहे, किल्ली पापांकडेच असू दे. कारण काहीही सांगा. तुमच्या गुडघ्याचं सांगितलं तरी चालेल.

दादा, इंदूचा नमस्कार. घरात डिंक कुठं असते हे यांना ठाऊक नाही, म्हणून पाकीट चिकटवायले माझ्याकडेच दिलं आणि वाचू नको म्हणाले. वाचलं. जाड तळव्याचे जोडे यांच्याकडे नाहीतच. त्या दिवशीही कोल्हापुरीच होती, झिजून कागद झालेली. मी त्याच संध्याकाळी ओजसले सगळं खरं सांगितलं. तो पोट्टा पहिल्यांदा हसला, मग किल्ली बापाच्या खुंटीवर नेऊन लटकवली. तेव्हापासून ती तिथंच असते, गाडी आणली की मी परत तिथंच लावते. हे रोज त्याच खुंटीवर टोपी अडकवतात, किल्लीले हात लावत नाहीत, आणि मले विचारतात, आज कुठं जायचं? नसलेला ब्रेक दाबतो असं लिहिलं आहे, ते मनावर घेऊ नका. मागच्या इतवारी राजिमच्या रस्त्यावर माझ्या बाजूले घोरत होते. जागे असले की बाहेर पाहतात आणि मले दाखवतात, अगं, इथं इतकी पळसाची झाडं आहेत, कधी दिसलीच नव्हती. म्हणून मी पण किल्लीचं काही बोलत नाही. तुम्ही ओजसले फोन करू नका.