पाण्यात कोरलेली बाई

सर, मी तुमच्यावर चिडले आहे. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, आता कोणावर चिडतेस, असं नवरा विचारतो. पण गेल्या काही आठवड्यांत इथे दोह्यात जे घडलं, त्यामुळे हा राग उसळून वर आला आणि तो तुमच्याच नावाचा आहे. मी तुम्हाला आठवले असते की नाही, माहीत नाही. कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला मागे बसणारी, मालवणहून आलेली, सारखी खाडी काढणारी मुलगी. तुम्ही मला 'पानंफुलं' म्हणून हाक मारायचात आणि वर्ग हसायचा.

आमच्या घरामागे खाडी होती. ओहोटी लागली की कांदळाची मुळं चिखलातून वर आलेली दिसायची. शेवटच्या परीक्षेसाठी मी त्याचाच वुडकट, म्हणजे लाकडी ठशाचं चित्र, करायला घेतला. वरच्या भागात फांद्या आणि मुळं कोरली. खाली पाणी होतं, आणि तिथे मी फळीला कोरणी लावलीच नाही. फळी सपाट ठेवली की छापताना तिथे गच्च काळं उमटतं. तिन्हीसांजेला आमची खाडी तशीच काळी दिसायची. ते काळं मी ठरवून ठेवलं होतं सर, आळसाने नव्हे.

तुम्ही येता. चष्मा कपाळावर सरकवता, फळी उचलून उजेडाकडे तिरकी धरता. "यात माणूस कुठाय? पडद्याचं कापड छापायचंय का तुला? लोक काय काय सोसतायत, आणि तू मुळं कोरत बसलीयेस!" मी म्हणते, "सर, मला एवढंच दाखवायचंय." तुम्ही माझ्या हातातून कोरणी घेता आणि सगळ्या वर्गासमोर माझ्या पाण्यात एक बाई कोरायला लागता. डोक्यावर टोपली, कमरेला कासोटा, भराभर. मी "नको ना सर" म्हणाले होते. वर्गातल्या सगळ्यांनी ते ऐकलं होतं. लाकडाची ढलपी एकदा निघाली की परत बसवता येत नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं. "बघ, आता चित्र झालं," असं म्हणून तुम्ही कोरणी माझ्या हातात परत दिलीत, बक्षीस दिल्यासारखी.

आणि त्या चित्राला खरोखरच बक्षीस मिळालं! परीक्षक त्या बाईबद्दलच बोलत राहिले. माझ्या वडिलांनी चौकट करून चित्र पुढच्या खोलीत लावलं. आल्यागेल्याला दाखवायचे आणि मला म्हणायचे, "सरांचो हात लागलो, नशीब गो तुजा!" त्यानंतर मी लाकूड हातात धरलं नाही. कॉम्प्युटरवरचं डिझाइन शिकले, लग्न झालं, इथे आले. दोह्याच्या बिन महमूद भागात फ्लॅटमध्ये राहते आणि प्रदर्शनं भरवणाऱ्या एका ऑफिसात पोस्टरं करते.

या हिवाळ्यात आमच्या ऑफिसने जपानहून एका चित्रकार बाईंना बोलावलं. साठीच्या, बारीक चणीच्या, केस आखूड कापलेले. लाकडी ठशांची चित्रं करतात. झाडं, पाणी, पक्षी, धुकं. माणूस औषधालाही नाही. जन्मभर हेच करत आल्या आहेत आणि त्यांना 'माणूस कुठाय' विचारणारा कोणी भेटला असेल तर त्यांनी त्याला भीक घातलेली दिसत नाही. त्यांना इथलं कांदळवन बघायचं होतं, म्हणून मी त्यांना उत्तरेकडच्या किनाऱ्यावर घेऊन गेले. ओहोटी होती. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्या चिखलात उतरल्या आणि काहीही न काढता नुसत्या उभ्या राहिल्या. ड्रायव्हर गाडीतून "यल्ला मॅडम, यल्ला" करत घाई लावत होता. मी ती मुळं बघत होते. इतक्या वाळवंटात, इतक्या खारट पाण्यात, तशीच! "ही तर आमचीच गो," मी मोठ्याने बोलून गेले. बाईंनी वळून माझ्याकडे बघितलं आणि हसल्या.

पुढे बाई आमच्या ऑफिसच्या कार्यशाळेत कोरायला बसल्या. मुळं कोरली, पानं कोरली. पाण्यासाठी वेगळी फळी घेतली आणि तिला कोरणी लावलीच नाही. ओल्या ब्रशने ती भिजवली, एका कडेला निळा रंग लावला, तो पसरत फिका होत गेला. कागद दाबून उचलला, तर लाकडाच्या रेषाच पाण्याच्या लाटा होऊन आल्या होत्या. मी विचारलं, "इथे काहीच कोरणार नाही?" त्यांचं इंग्रजी मोजकं. फळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "नो. ट्री ऑलरेडी मेड वॉटर."

सर, मला तेव्हा हेच म्हणायचं होतं. मला शब्द सापडले नाहीत आणि तुम्ही थांबला नाहीत.

त्या चित्राचा फोटो पोस्टरसाठी माझ्याकडे आला. आमचे मॅनेजर खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "नीचे बहुत खाली लग रहा है. एक धाऊ डाल दो." धाऊ म्हणजे इथली जुनी शिडाची होडी, इथे कुठल्याही पोस्टरवर ती असतेच. मी म्हटलं, "ये उनका काम है, हम कैसे बदलें?"

"अरे, पोस्टर ही तो है. थोड़ा लोकल टच चाहिए. कर दो और खलास."

"मैं नहीं करूँगी."

आवाज इतका चढला की शेजारची केरळची मुलगी हेडफोन काढून बघायला लागली. मॅनेजर खाली वाकून हळूच म्हणाले, "आपके कॉन्ट्रैक्ट के रिन्यूअल पे साइन मैं ही करता हूँ, याद है ना?"

मी उठले, कार्यशाळेत गेले आणि बाईंना सांगून टाकलं. त्यांनी हातातलं काम ठेवलं, हात पुसले, माझ्याबरोबर आल्या. मॅनेजरपुढे कमरेत वाकून अगदी शांतपणे म्हणाल्या, "इफ बोट, देन नॉट माय पिक्चर. प्लीज रिमूव्ह माय नेम." मॅनेजरांचा चेहरा उतरला. होडी आली नाही. चित्र जसं होतं तसं पोस्टरवर गेलं आणि तसंच भिंतीवर लागलं. लोक त्या पाण्यासमोर बराच वेळ उभे राहतात.

तेव्हापासून मी धुमसते आहे. बाईंचं एक वाक्य पुरलं. मग माझं 'नको' का पुरलं नाही? मी विद्यार्थिनी होते म्हणून? खेड्यातली होते, बोलताना अडखळायचे म्हणून? जगातल्या सगळ्या सोसणाऱ्यांचा तुम्हाला कळवळा होता, आणि तुमच्या कोपराशी उभी राहून विनवणारी मुलगी तुम्हाला दिसली नाही. चित्र चांगलं झालं असेलही. ते माझं नव्हतं. बक्षीस घ्यायला मात्र मला पुढे ढकललंत आणि टाळ्या वाजवल्यात.

माझ्या रिन्यूअलचा अजून पत्ता नाही. "होईल, इन्शाल्ला," म्हणत नवरा रोज धीर देतो आणि गुपचूप दुसरीकडच्या नोकऱ्या बघतो. मी घाबरलेय, पण होडी घातली नाही याचं वाईट वाटत नाही.

हे पत्र पाठवणार नाही. तुमच्या घरी आता काकू एकट्याच असतात. त्यांनी आम्हाला कितीदा पोहे खाऊ घातलेत, त्यांच्या हाती हे पडायला नको. शिवाय काल एक गोष्ट झाली. लेकीने विचारलं, "आई, आर यू इन ट्रबल?" म्हणून तिला सगळं सांगितलं, अगदी तुमच्यापासून. ती फणकारली, "युअर सर वॉज सो मीन!" आणि मी पटकन म्हणाले, "असं नाही बोलायचं गं. शिकवायचे फार छान." हे तुम्हाला कळावं अशी माझी अजिबात इच्छा नाही.