नंदीच्या शिंगांमधला उजेड

अण्णा, एक पालखी, दोन पाळणे, आईचा पोळपाट, तुमच्या शिलाई मशीनचं टेबल, आणि देवघरं तर मोजलीच नाहीत. सगळं माझ्या या हातांनी घडवलं, सुतारकी कुणाकडे न शिकता. प्रत्येक वस्तूवर तुम्ही शिंप्याची टेप फिरवलीत आणि एकच बोललात, "स्वल्प वाकडं आहे."

दर संक्रांतीला तुम्ही मला गवीपूरच्या गुहेतल्या शंकराला न्यायचात. मावळतीचं ऊन खिडकीतून शिरायचं आणि नंदीच्या शिंगांमधून सरळ पिंडीवर पडायचं. तुम्ही कानाशी सांगायचात, "सूर्य आज उत्तरेला निघालाय. निघताना शिवाला विचारायला आलाय. तूही घरातून सांगून जात जा."

सर्जापूर रोडच्या एका पुणेकर जोडप्याला मी तसंच ऊन पडेल असं देवघर करून दिलं. गेल्या संक्रांतीला त्यांच्या बाल्कनीतून देवघरापर्यंत येणाऱ्या उन्हाची रेघ खडूनं आखली, तिच्यावर लाकडी नंदी बसवला. शिंगांत सुताचा फरक नाही. वर बोलून बसलो, "यंदा ऊन पिंडीवर नाही पडलं तर देवघर उचलून नेईन."

यंदा संक्रांतीला आभाळ गच्च. सगळे पाटांवर बसलेत, मी घामाघूम. एवढ्यात शिंगांमधून झोत येतो, थेट पिंडीवर. त्या घरच्या सासूबाई लोटांगण घालतात. मीही हात जोडतो. मग लक्षात येतं, मावळतीचा उजेड इतका पांढरा नसतो. बाल्कनीत जाऊन बघतो तर समोरच्या सोसायटीच्या बॅडमिंटन कोर्टावरचा दिवा.

"हा सूर्य नाही," मी म्हणालो.

"काका, प्लीज, आईंचा नमस्कार होऊ द्या," सूनबाई कुजबुजल्या.

मी देवघर उचलायला वाकलो, तर सासूबाई आडव्या आल्या. "हात लावून बघा. कुणाचा का असेना, वेळेवर आला ना?"

त्यांच्या मुलाचे डोळे चमकले. "काका, आतच एलईडी आणि टायमर बसवू. रोज संक्रांत. आमच्या सोसायटीतली वीस घरं आत्ता तयार होतील."

"सूर्य वर्षातून एकदा विचारायला येतो," मी म्हणालो. "रोज आला तर तो वॉचमन."

तरी अण्णा, शिंगं बरोबर होती. दिवासुद्धा बरोब्बर मधूनच आला. तिथे टेप लावून बघा.

तुम्ही गेलात, हे पत्र कुठे टाकणार, तुमच्या टेपेजवळ खणात ठेवतोय. वीस देवघरं, आठ लाख रुपये. नको म्हणालो. तुमच्या सुनेला मात्र चारच लाख सोडले असं सांगितलंय.