भाडे आधी हातात द्यावे

मी, प्रमिला चंद्रभान गुल्हाने, वय ६८, कीटकशास्त्राची सेवानिवृत्त प्राध्यापिका, राहणार वर्धा, माझ्या पश्चात कुणी भांडू नये म्हणून हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. गुडघे कुरकुरतात, पण डोके शाबूत आहे. शंका असल्यास डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर पुतण्या अंकित याला द्यावे. ते त्याने आत्ताच तीन दलालांना दाखवून ठेवले आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही द्यावे, कारण मी दवाखान्यात असताना महिनाभर डबा त्यानेच आणला.

२. कपाटातल्या कीटकांच्या एकशे चाळीस पेट्या महाविद्यालयाला द्याव्यात. अंकितने त्या कचरा समजून अंगणात जाळू नयेत. दर दिवाळीला डांबरगोळ्या बदलाव्यात.

३. आमच्या महाविद्यालयातले जुने लेखापाल रूपराव यांनी माझे प्रवासाचे बिल चार वेळा परत पाठवले. एकदा तर तिकीट टाचलेले नसून डिंकाने चिकटवलेले आहे, एवढ्यासाठी. त्यांना माझे स्टेपलर, पिनांच्या दोन डब्यांसह, प्रेमपूर्वक द्यावे.

४. बँकेतील सर्व मुदत ठेव. हे कलम नीट वाचावे, बाकीचे सगळे याच्यासाठीच लिहिले आहे.

१९९३ साली माझी विद्यार्थिनी रक्षा थूल हिचा निबंध कोईम्बतूरच्या परिषदेत स्वीकारला गेला. रक्षा जाम गावची. वडील चौकात ट्रकांचे पंक्चर काढत. तिने सिंदीच्या शेतांत दोन हंगाम फिरून गुलाबी बोंडअळ्या मोजल्या होत्या. प्रवास अनुदान मंजूर झाले, पण नियम असा, की विद्यार्थ्याने आधी स्वतःच्या पैशाने जाऊन यावे, तिकिटे जोडावीत, मग रक्कम मिळेल. मी मंजुरीपत्र तिच्या हातात ठेवले, अभिनंदन केले आणि विसरले. जायला पैसे आहेत का, हे विचारायचे मला सुचलेच नाही. मी कापसाच्या व्यापाऱ्याची मुलगी, मला कुठून सुचणार? मीही त्याच परिषदेला निघाले होते; गाडीच्या दिवशी ती स्टेशनवर आली, ती निबंध माझ्याकडे द्यायला.

मी तो तिच्या नावाने वाचला. टाळ्या मात्र मीच ऐकल्या. तिच्यासाठी परिषदेची पिशवी आणली, तेव्हा ती म्हणाली, “बाई, पिशवी तं वर्ध्यात बी भेटते.” त्या दिवशी मी हसण्यावारी नेले. मला त्याची अजून लाज वाटते.

म्हणून ठेवीच्या व्याजातून दरवर्षी कीटकशास्त्राच्या दोन विद्यार्थ्यांना परिषदेचा प्रवासखर्च द्यावा. भाडे पंधरा दिवस आधी रोख हातात द्यावे. तिकिटे मागू नयेत. थंड गावी स्वेटरचे पैसे वेगळे. परतल्यावर त्यांनी वर्गात तासभर सांगावे, काय पाहिले, काय खाल्ले, कुणाशी वाद घातला. “पैसे उडवले तर?” असे प्रफुल वकिलांनी विचारले. उडवू द्यावेत. मी स्वतः म्हैसूरच्या परिषदेहून साडी घेऊन आले होते, आणि निबंधही वाचून आले होते.

पहिले अनुदान रक्षा थूल हिला. ती आता समुद्रपूरला शाळेत विज्ञान शिकवते आणि रविवारी अजूनही अळ्या मोजते. विद्यार्थी असण्याची अट तिला लागू नाही.

५. वरील मजकूर रक्षाने वाचावा म्हणून मी तिलाच साक्षीदार बोलावले. ती पेन उघडून बसली, तेव्हा वकील म्हणाले की साक्षीदाराला या कागदातून काही घेता येत नाही. रक्षाने पेन मिटले. “मंग मी सही नाई करत, बाई. मले जायाचं हाय. पण त्याच्यासाठी तुमी मरायची वाट काऊन पाहू?”

मी वकिलांकडून कागद परत घेतला. सबब चौथे कलम माझ्या मृत्यूनंतर नव्हे, आजपासून लागू समजावे. फेब्रुवारीतल्या हैदराबादच्या परिषदेचे भाडे मी तिला वकिलांसमोर रोख दिले आहे. माझे तिकीट मी वेगळे काढले. निबंध तीच वाचणार, मी मागच्या रांगेत बसणार.

व्यवस्थापक: अ‍ॅड. प्रफुल झाडे

लिहून देणार: प्रमिला चंद्रभान गुल्हाने (सही)

आमच्यासमोर सही केली, सही करताना बाई हसत होत्या:
हरिदास भोयर, निवृत्त पोस्टमास्तर (सही)
सुलोचना तडस, शेजारीण (सही)

वर्धा, दि. १२ डिसेंबर २००६