पप्पांच्या छातीतलं दुखणं

प्रिय हिमू,

तुझ्या बाळंतपणासाठी केलेले डिंकाचे लाडू शेवटी कुरियरनंच येतायत. इंदूरपर्यंत गाडीनं नि तिथून विमानानं मीच घेऊन येणार होते, तर आदल्या दिवशी तुझ्या पप्पांची छाती दुखली नि तिकिटं रद्द. हे तुला ठाऊकच आहे. पण मला या माणसाचं लक्षण काही ठीक दिसेना, बाई.

छाती कधी डावीकडे दुखते, कधी उजवीकडे. जळगावच्या डॉक्टरांनी त्यांच्या ईसीजीची नुसती एक पट्टी काढली, आणि आलोच आहोत तर हिचंही बघा म्हणत माझं रक्त, माझी सोनोग्राफी, वर त्या मोठ्या मशीनमध्येही मलाच घातलं. दुखणं तुमचं नि सुया मला का, असं विचारलं तर म्हणे पॅकेजमध्ये आहे! परवा शेजारच्या तृप्तीनं त्यांना चौकात मावा जलेबी खाताना पाहिलं. घरी येऊन बिनमिठाची खिचडी मागितली आणि मुकाट्यानं खाल्ली.

तिकिटांच्या रिफंडचं विचारलं की विषय बदलायचे. त्यासाठी विमान कंपनीला दवाखान्याचा कागद पाठवायचाय म्हणाले, म्हटलं द्या, तृप्तीकडून पाठवते, तर तो खिशात कोंबून बाहेर पडले. मला वाटलं, विमानाला घाबरले. मग तुझ्यावरही संशय आला, खोटं कशाला बोलू. तुझ्या सासूबाईंना मी तिथं नको असेन, म्हणून बाप-लेकीनं हे नाटक रचलं असेल. फोनवर तू माझं जेवण, माझी झोप विचारतेस, पण बापाच्या छातीचं नावही काढत नाहीस. अस्सा राग आला होता तुझा!

काल ते केळीच्या लिलावाला गेले नि मोबाइल चार्जिंगलाच राहिला. विमान कंपनीच्या पोरीचा फोन आला. मला ती ठगच वाटली, ओटीपी-बिटीपी मिळणार नाही म्हणून चांगलं झापलं तिला. ती बिचारी हिंदीत समजावत राहिली की काही नको, रिफंड मंजूर झालाय, फक्त पेशंटचं नाव पक्कं करायचंय. लग्नापासून कधी घेतलं नाही ते तुझ्या पप्पांचं नाव मी घेतलं, कौतिक पाटील. ती म्हणाली, नाही, इथं मनकर्णा पाटील लिहिलंय, म्हणजे माझंच नाव, कॅन्सरचं ऑपरेशन. मी हो म्हटलं. मग मोबाइल होता तसा परत चार्जिंगला लावून ठेवला.

पप्पांना काही बोलले नाही. संध्याकाळी त्यांनी छातीला हात लावला तेव्हा मीच तेल चोळून दिलं. आपण निभावतोय असं त्यांना वाटतंय, तर वाटू दे. पण तू माझ्याशी खोटं बोलू नकोस, हिमू. मला फार भीती वाटतेय गं. फोनवर बोलायची सोय नाही, ते शेजारीच बसतात. ऑपरेशन कधी आहे, तुझं बाळ आधी की ते आधी, एवढं तृप्तीच्या फोनवर सांग. हे पत्र लाडवांच्या खाली ठेवतेय. डबा कुरियरला द्यायला पप्पाच निघालेत, सांभाळून न्या म्हणून मी त्यांना दोनदा बजावलंय.

तुझीच,
आई