क्रमांक ११७

१९ जुलै
लाकूडतोडीचा तळ, नदीच्या वरच्या अंगाला

प्रिय जुरेमाताई,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. मासेवाल्याने टोपलीच्या तळाशी लपवून आणलं होतं, त्यामुळे वास मारत होतं, पण पोचलं. बाबांचा गुडघा कसा आहे? तेल चोळतेस ना? ते कितीही बोंबलले तरी सोडू नकोस. मी मजेत. मांडिओकाचं पीठ आणि खारा मासा, खारा मासा आणि मांडिओकाचं पीठ, असा आमचा थाट आहे.

काम काय करतोस, असं विचारलंस. तेच गं, झाडं ओळखायची. बाबांनी शिकवलं तसंच. सालीवर कोयत्याचा एक घाव, वास घ्यायचा, चव बघायची, नाव सांगायचं. मागचा माणूस खोडावर पत्र्याचा नंबर ठोकतो, नाव यादीत जातं आणि खाली माझी सही. यादीत जी झाडं असतील, तेवढीच तोडायची सरकारची परवानगी. मोठा मास्तर झालाय बघ तुझा भाऊ!

इपेचं झाड तर आपण चालायला लागल्यापासून ओळखतो. एका देठावर पाच पानं, हाताच्या पंजासारखी, आणि देठ समोरासमोर जोडीने. पान उलटवलं की शिरांच्या बेचक्यात बारीक लव. लाकूड चिरलं की पिवळी पूड निघते, तिच्यावर चुन्याचं पाणी पडलं की लालभडक. ती गालाला फासून तू नवरी व्हायचीस आणि मग दोन दिवस गाल खाजवत बसायचीस. ऑगस्टात एकही पान नाही, नुसती पिवळी फुलं. नदीच्या पलीकडून दिसायचं आपलं झाड.

हे तुला कशाला सांगतोय? सांगतो, थांब जरा.

मे महिन्यात मालक एव्हेराल्दो एका तावारीपाशी थांबले. तावारीला एकेकटं पान. साल पट्ट्यापट्ट्यांनी सोलून निघते, आजोबा तिच्यात तंबाखू गुंडाळायचे. चुकायचा प्रश्नच नाही. मी म्हटलं, "तावारी."

मालक हसले. "नीट बघ रे शहाण्या. इपे आहे."

"मालक, पान तरी बघा."

"पान कोण बघतंय? शहरातला साहेब कागद बघतो. तुझं ओळखपत्र माझ्या पेटीत आहे, आणि इथून जाणारी होडीही माझीच. हं, बोल आता. कोणतं झाड?"

मी इपे म्हणालो. ताई, दोनशे बारा वेळा म्हणालो.

यात त्यांचा काय फायदा ते मला ठाऊक नव्हतं, असं लिहिणार होतो. पण ते खोटं आहे. आठवड्यात कळलं. यादीतल्या खोट्या इपेच्या नावावर दुसरीकडून चोरून तोडलेलं खरं इपे सोन्याच्या भावाने खपतं. नंबर इथला, ओंडका कुठलाही.

तीन जुलैला ओंडके आले. एकात लोखंडी कडी रुतलेली होती, वर साल वाढलेली. आपल्या झाडावरची, आईच्या झोळीची कडी गं. मीच ठोकली होती, खूप खाली ठोकली म्हणून बाबांनी कान पिळला होता. त्या ओंडक्यावर त्यांनी ११७ नंबर मारला. खरा ११७ इथेच उभा आहे, माझ्या खोपटासमोर. तावारी आहे ती.

तू लिहिलंस, तोडणारे वाट न विचारता थेट घरामागे गेले, म्हणजे कुणीतरी माहीतगारानेच दाखवलं. बाबा म्हणतात, तिबुर्सियोकाकांनी. चाळीस वर्षांचा शेजार, आणि आता बाबा त्यांच्या दारावरून जाताना थुंकतात.

काकांनी नाही दाखवलं.

मी सांगितलं. जेवताना मालकांनी गोडीगोडीत विचारलं, एवढं मोठं इपे कुठे पाहिलंयस का? आणि मी फुशारकी मारली. "आमच्या घरामागे आहे, तिघांच्या कवेत मावत नाही!" खाडीचं वळणसुद्धा सांगितलं. तेव्हा कुणी दम दिला नव्हता, की पेटी दाखवली नव्हती. तोंड माझंच. लाज वाटते ताई, इतकी की आता आरशात बघून दाढीही करत नाही.

इथून निघता येत नाही. चारी बाजूंना जंगल आणि पाणी, आणि मासेवाल्याला माणूस न्यायची बंदी. कागद तेवढा टोपलीत लपतो. ऑगस्टात खऱ्या इपेला फुलं आली की आमच्या दोनशे बारा झाडांचं पितळ उघडं पडणार, म्हणून मालक दहा ऑगस्टपासून त्या सगळ्या तावारी आडव्या करणार आहेत. मग पुरावाच उरणार नाही.

म्हणून हे पत्र दहाच्या आत सांतारेंगला जंगलखात्याच्या कचेरीत दे. त्यांना म्हणावं, पानं मोजा. एक की पाच, एवढंच. मलाही धरतील, सही माझीच आहे. धरू देत. निदान ती होडी मालकाची नसेल.

पण त्याआधी तिबुर्सियोकाकांना घरी बोलव आणि बाबांच्या शेजारी बसवून हे मोठ्याने वाच. कडीचं वगळू नकोस. बाबा मधेच उठून जायला लागले तर जाऊ दे, पण काकांसमोर शेवटपर्यंत वाच.

यादीत करतो तशीच पूर्ण सही करतोय, म्हणजे कचेरीत जुळवून बघता येईल.

क्रमांक ११७ : तावारी.

अदाउतो पिन्येइरो लोबातो